मोबाइलवरची इंग्रजी आणि गावातली शाळा

राजापूरच्या खाडीच्या मुखाशी एका तीरावर जैतापूर व माडबन आणि दुसऱ्या तीरावर यशवंतगडाच्या कुशीत नाटे, अशी गावे वसली आहेत. याच खाडीतून सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांचा माल राजापूरच्या वखारीपर्यंत जात असे. 1661 साली शिवाजी महाराजांनी ती वखार लुटली आणि तेथील इंग्रजांना कैद केले. इंग्रज गेले त्यालाही आता पाऊण शतक उलटले. त्यांची भाषा मात्र राज्यकारभाराबरोबर या खाडीकाठी येऊन राहिली, आणि आजही ती पगाराची, परीक्षेची व दस्तऐवजांची भाषा आहे.

ही केवळ इतिहासातली गोष्ट नव्हे. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी 16 मे 2010 रोजी माडबन येथे झाली. पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा सुमारे बाराशे पानांचा अहवाल मुळात इंग्रजीत होता. त्याचे मराठी रूप संबंधित चार ग्रामपंचायतींपैकी एकीलाच आणि तेही सुनावणीच्या तोंडावर मिळाले, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. अणुभट्ट्यांतून समुद्रात सुटणाऱ्या गरम पाण्याने मासळीचे काय होईल, हा प्रश्न साखरी नाटे येथील मच्छीमारांच्या जगण्याचा होता. त्याचे उत्तर मात्र त्यांना न कळणाऱ्या भाषेत लिहिलेले होते. पुढे 18 एप्रिल 2011 रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार तरुण मृत्युमुखी पडला. त्या गोळीबाराचे कारण भाषा होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण ज्यांचे भवितव्य ठरते त्यांना ते वाचता येऊ नये, ही व्यवस्था संघर्षाची जमीन तयार करते, हे नाकारता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर आज गावोगावी एक आश्वासन ऐकू येते. इंग्रजीसाठी आता शहरात जायला नको, महागडी शाळा नको, शिकवणीही नको. हातातल्या मोबाइलवर सारे काही फुकट उपलब्ध आहे. हे आश्वासन पूर्णतः खोटे नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके महाजालावर विनामूल्य मिळतात. केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ व ‘स्वयम्’ या व्यवस्था 2017 पासून सुरू आहेत. बीबीसी व ब्रिटिश कौन्सिल यांचे धडे, असंख्य चित्रफिती, उच्चार ऐकवणारे शब्दकोश आणि आता तर प्रश्नाला उत्तर देणारी, वाक्य दुरुस्त करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आहेत. एके काळी मुंबईच्या सधन घरातील मुलालाच जे ऐकायला मिळे, ते आज नाटे येथील मुलाच्या कानावर पडू शकते. ज्ञानावरचा मक्ता सैल होणे ही समाजवादी विचाराच्या माणसाने स्वागत करण्याजोगी घटना आहे. प्रश्न आहे तो, हे साधन कोणाच्या हाती, कोणत्या अटींवर आणि कशाच्या बदल्यात पडते याचा.

समाजवादी चळवळीत इंग्रजीविषयी दोन सूर पूर्वापार आहेत आणि त्यांची गल्लत वारंवार केली जाते. डॉ. राममनोहर लोहिया यांनी 1957 च्या सुमारास ‘अंग्रेजी हटाओ’चा पुकारा केला. त्यांचा रोख सार्वजनिक कारभारातील इंग्रजीच्या सत्तेवर होता. परभाषा शिकण्याला त्यांचा विरोध असण्याचे कारणच नव्हते, ते स्वतः जर्मनीत शिकलेले होते. दुसरीकडे 1854 साली प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात सावित्रीबाई फुले यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले, कारण त्यांच्या दृष्टीने ती दास्यातून बाहेर पडण्याची वाट होती. ज्या राजापूर मतदारसंघात नाटे मोडत होते, त्या मतदारसंघाने 1957 पासून बॅ. नाथ पै यांना आणि 1971 पासून प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविले. लोकसभेत इंग्रजीत प्रभावी भाषण करणारी ही माणसे कोकणच्या वाड्यावाड्यांतून मराठीत बोलत आणि लोकांचे प्रश्न समजून घेत. इंग्रजीचे वर्चस्व मोडणे आणि इंग्रजी सर्वांना शिकविणे ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत. जी भाषा मूठभरांपाशी राहते तीच वर्चस्वाचे हत्यार बनते.

महाराष्ट्र शासनाने 2000 साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इयत्ता पहिलीपासून सर्व शाळांत इंग्रजी सक्तीची केली. त्यापूर्वी मराठी शाळेतील मुलाची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडत असे. बहुजनांच्या मुलांना मागे ठेवू नये हा त्या निर्णयामागील हेतू योग्यच होता. परंतु विषय सक्तीचा करणे एका आदेशाचे काम असते, आणि तो शिकविणारा शिक्षक घडविणे हे वर्षानुवर्षांचे. ‘असर’ने 2023 साली देशातील 28 ग्रामीण जिल्ह्यांतील 14 ते 18 वयोगटाची पाहणी केली, तीत साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 57 टक्के आढळले. जे वाचू शकले त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला वाचलेल्या वाक्याचा अर्थ सांगता आला नाही. अक्षर ओळखणे आणि भाषा येणे यांतले अंतर या आकड्यांत स्वच्छ दिसते. 2025 साली पहिलीपासून हिंदी लादण्याच्या शासननिर्णयावरून राज्यात वादळ उठले आणि 29 जून 2025 रोजी शासनाला ते निर्णय मागे घ्यावे लागले. त्या वादात पंचवीस वर्षे पहिलीपासून शिकविल्या जाणाऱ्या इंग्रजीचे काय झाले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

मोबाइलवरील साधनांची खरी उपयुक्तता कोठे आहे ते नीट पाहिले पाहिजे. भाषा प्रथम कानाने शिकली जाते. ज्या घरात, ज्या वाडीत इंग्रजी कोणी बोलत नाही तेथे मुलाला ती ऐकायला मिळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. तो आता आहे. चूक केली तरी यंत्र हसत नाही, दहा वेळा विचारले तरी कंटाळत नाही. वर्गात तोंड उघडण्यास लाजणाऱ्या मुलीला हा मोठा आधार वाटतो. शिवाय कामापुरती नेमकी इंग्रजी निवडून शिकता येते. कोकण किनाऱ्यावरील अनेक तरुण जहाजांवर नोकरीस जातात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली जहाजावरील संभाषणासाठी इंग्रजी वाक्यांचा एक प्रमाण संच स्वीकारला आहे. धोक्याच्या वेळी काय बोलावे, आज्ञा मिळताच ती कशी उलट म्हणून दाखवावी, हे त्यात ठरवून दिलेले आहे. अशी वाक्ये गावात बसून ऐकून सरावता येतात, आणि दलालाच्या हाती पैसे ओतण्यापूर्वी कराराचा कागद स्वतः वाचण्याची तयारीही करता येते.

पण फुकट मिळणे म्हणजे सारखे मिळणे नव्हे. पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो आणि तो कर्त्या माणसाबरोबर होडीवर, बाजारात किंवा मुंबईत असतो. याच ‘असर’च्या पाहणीत मोबाइल वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे 44 टक्क्यांपाशी स्वतःचा मोबाइल होता, मुलींत हे प्रमाण सुमारे 20 टक्के होते. म्हणजे ज्या मुलीला एकांतात शिकण्याचा सर्वाधिक फायदा व्हावा, तिच्याच हाती यंत्र सर्वांत कमी वेळ येते. टाळेबंदीच्या काळात रेंजसाठी सड्यावर नि डोंगरमाथ्यावर जाऊन बसणारी मुले कोकणाने पाहिली. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने किनारपट्टीवरील विजेचे खांब आडवे केले, तेव्हा तर ‘ऑनलाइन’ हा शब्दच निरर्थक झाला. याउलट जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ ही पाठ्यक्रमावर आधारित मालिका इंटरनेट नसलेल्या घरांतही पोचली. जुने साधन म्हणून दूरचित्रवाणीला किंवा आकाशवाणीला मोडीत काढण्याची घाई करू नये, हा त्यातला धडा आहे.

दुसरी बाब मालकीची. अमेरिकेच्या ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने 1959 पासून परभाषकांसाठी सोप्या इंग्रजीतील प्रसारण चालविले होते. त्यावर जगभरच्या कित्येक शिक्षकांची भिस्त होती. मार्च 2025 मध्ये तेथील नव्या राजवटीने ती संस्थाच मोडीत काढण्याचे ठरविले आणि ते काम एका फटक्यात थांबले. खाजगी कंपन्यांची गोष्ट याहून निराळी नाही. आज फुकट असलेला धडा उद्या पैशांचा होतो, आणि फुकट असतो तोवर मुलाचे लक्ष व त्याची माहिती हीच त्याची किंमत असते. दुसऱ्याच्या विहिरीवर गावाची तहान कायमची सोपवू नये, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब शिक्षकाची. भाषा ही दोन माणसांमधली गोष्ट आहे. चित्रफीत ऐकवते, पण ती मुलाचे ऐकून घेत नाही. यंत्र वाक्य सुधारून देते. परंतु मूल मराठी वाक्यरचना मनात धरून क्रियापद शेवटी का टाकते, हे त्याच्या भाषेत समजावून देणारा माणूसच लागतो. साखरी नाट्यासारख्या वस्तीतील जी मुले उर्दू शाळेत जातात, त्यांना उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय असते. त्यांच्या अडचणी पुन्हा वेगळ्या. 2016 साली राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी ‘तेजस’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात प्राथमिक शिक्षकांनी ठरावीक काळाने एकत्र बसून आपला इंग्रजीचा अनुभव, धडे व अडचणी यांची देवाणघेवाण करावी, मोबाइलवरील गट त्यासाठी वापरावेत, अशी योजना होती. त्यामागचे तत्त्व मोलाचे आहे. ऑनलाइन साधनाचा पहिला विद्यार्थी शिक्षक असला पाहिजे. एक शिक्षक सुधारला की तीस मुलांपर्यंत ते पोचते, आणि त्यांना तीस मोबाइल लागत नाहीत.

असे असताना शासनाची पावले उलट्या दिशेने पडताना दिसतात. सप्टेंबर 2023 मध्ये वीसहून कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचा विचार शिक्षण खात्याने पुढे आणला. कोकणातील वाड्या विखुरलेल्या आहेत. वहाळ नि घाटी ओलांडून सहा वर्षांचे मूल दूरच्या शाळेत कसे जाणार, याचे उत्तर त्या विचारात नव्हते. एकीकडे वाडीतली शाळा कमी करायची आणि दुसरीकडे ‘शिक्षण आता मोबाइलवर आहे’ म्हणायचे, ही सोय म्हणजे जबाबदारी झटकणे होय. साधन हे शिक्षकाचे अवजार म्हणून यावे. त्याच्या जागी ते बसविण्याचा डाव ओळखला पाहिजे.

याच पोकळीत गल्लोगल्ली इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळा उभ्या राहतात. तेथे मूल पाठविणाऱ्या आईबापांची टवाळी करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. मासळी विकून फी भरणाऱ्या बाईला इंग्रजी नसल्याची किंमत पुरेपूर ठाऊक असते. तिला हवी आहे ती चांगली इंग्रजी. तीसाठी माध्यमच बदलावे लागते, ही समजूत मात्र तिच्यावर बाजाराने लादली आहे. मातृभाषेत विचार करता येणारे मूल परभाषा पक्क्या पायावर शिकते. मराठी त्या कामी अडसर नसून पूल आहे, आणि त्या पुलाचे सामानही महाजालावर विनामूल्य आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली प्रथम छापला गेला, 1857 साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो कोणालाही पाहता येतो. राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आणि मराठी विश्वकोशही तसेच खुले आहेत.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान घेणारी वाचनालये गावोगावी आहेत. तेथे संध्याकाळी तासभर एक संगणक, दोन-चार श्रवणयंत्रे आणि आधी उतरवून ठेवलेले धडे एवढी सोय झाली, तर रेंज गेली तरी अभ्यास थांबणार नाही. मुलींसाठी स्वतंत्र वेळ राखून ठेवावी लागेल. जहाजावरून किंवा आखातातून परतलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा मुलांशी इंग्रजीत बोलायला बोलवावे. त्याचे व्याकरण तपासत बसू नये. भारतनेटची जोडणी ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत येऊन थांबत असेल, तर ती शाळा व वाचनालयापर्यंत आणण्याची मागणी ग्रामसभेत ठरावाने करावी. शिक्षकांना प्रशिक्षणासाठी मोकळा वेळ आणि शासनाच्या खर्चाने मराठीतून समजावलेले इंग्रजीचे धडे, ही मागणी जिल्हा परिषदेपुढे मांडावी.

आणि एक गोष्ट कदापि सोडू नये. 2020 साली पर्यावरणीय परिणामांच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा केंद्र शासनाने इंग्रजी व हिंदीतच काढला, तेव्हा 30 जून 2020 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाला तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत देण्याचा आदेश द्यावा लागला. गावातली मुले इंग्रजी शिकू लागली म्हणून शासनाची ही जबाबदारी कमी होत नाही. नाटे येथील मुलीने असा अहवाल मुळात वाचून त्यातील खोट दाखवावी, आणि तिच्या आजीला तोच अहवाल मुदतीच्या आत मराठीत मिळावा. या दोन्ही गोष्टींसाठी एकाच वेळी झगडावे लागेल.