कायदा पाळायचा, पण प्रश्नही विचारायचा



नागरिकशास्त्राच्या तासाला 'कायदा का पाळायचा?' असं विचारलं की वर्गातून एका सुरात उत्तर येतं, "नाहीतर शिक्षा होते!" पण 'कायद्यावर बोट ठेवून अन्याय होऊ शकतो का?' असं विचारलं की वर्ग शांत होतो. हा दुसरा प्रश्न शिकवायला अमेरिकेतली २०१८ सालची एक घटना मला फार उपयोगी वाटते.

त्या वर्षी अमेरिकेच्या सरकारने मेक्सिकोच्या सीमेवर 'झिरो टॉलरन्स' धोरण आणलं. परवानगीशिवाय सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसावर फौजदारी खटला भरायचा. आईवडील कोठडीत गेले. तिथे मुलांना ठेवता येत नाही, म्हणून मुलं सरकारी निवाऱ्यांत. काही आठवड्यांतच दोन हजारांहून जास्त मुलं आईवडिलांपासून वेगळी झाली. त्यात पाच वर्षांखालचीही होती.

देशभर टीका झाली. तेव्हा ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी १४ जून २०१८ रोजी इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन शहरातल्या भाषणात बायबलचा आधार घेतला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १३व्या अध्यायात प्रेषित पौल अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो, तेव्हा कायदा पाळा, असा त्यांचा मुद्दा होता.

आता सेशन्स यांची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. प्रत्येक देशाला आपली सीमा सांभाळायचा हक्क आहे. रांगेत उभं राहून व्हिसा मिळवणाऱ्याला, 'मग मी का थांबलो?' असं वाटणं साहजिक आहे. सुव्यवस्था नसेल तर सर्वांत आधी गरीबच भरडला जातो. पौलाच्या सांगण्यात हे शहाणपण नक्कीच आहे.

पण तोच अध्याय पूर्ण वाचा. राज्यकर्ता लोकांच्या भल्यासाठी देवाचा सेवक आहे, असं पौल म्हणतो. म्हणजे अधिकाराबरोबर कसोटीही आली. थोडं पुढे तो सांगतो की शेजाऱ्यावर प्रेम करण्यातच नियमशास्त्राची पूर्तता आहे. आणि खुद्द पौल? फिलिप्पै शहरात त्याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून द्यायला निघाले, तर तो अडून बसला. 'आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं,' असा त्याचा आग्रह होता. अधिकाऱ्यांना यावं लागलं. सत्तेचा मान राखणारा माणूस सत्तेला जाबही विचारत होता!

बायबलमध्ये परक्याबद्दलही स्पष्ट सांगितलं आहे. लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात परदेशी माणसाला आपल्यातलाच समजा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता, अशी आज्ञा आहे. आणि हेरोद राजाच्या भीतीने लहानग्या येशूला घेऊन त्याचे आईवडील मिसरलाच पळाले होते. आजच्या भाषेत, ते निर्वासित कुटुंब होतं.

दुसरी गोष्ट कायद्याचीच. पहिल्यांदा बेकायदा सीमा ओलांडणं हा अमेरिकेत किरकोळ गुन्हा आहे, जास्तीत जास्त सहा महिने कैद. शिवाय माणूस कुठल्याही मार्गाने देशात आला तरी तो आश्रयासाठी अर्ज करू शकतो, असं तिथलाच कायदा सांगतो. मुलांना तोडा, असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. तो सरकारने निवडलेला मार्ग होता. म्हणजे 'कायदा पाळा' म्हणताना प्रत्यक्षात 'आमचा निर्णय निमूट मान्य करा' असं सांगितलं जात होतं.

हा अध्याय असा पहिल्यांदाच वापरला गेला नाही. पळून आलेल्या गुलामांना मालकाकडे परत पाठवणाऱ्या १८५० च्या अमेरिकन कायद्याच्या समर्थकांनीही तो पुढे केला होता. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकारच्या बचावासाठी त्याचा आधार घेतला गेला. १९८५ साली तिथल्याच ख्रिस्ती धर्मचिंतकांनी 'कैरोस' निवेदनात त्यावर कडक टीका केली.

२०१८ मध्येही कॅथलिक बिशपांनी मुलांना तोडण्याला अनैतिक म्हटलं. सेशन्स ज्या मेथडिस्ट चर्चचे सदस्य होते, तिथल्या सहाशेहून अधिक लोकांनी चर्चकडेच त्यांची तक्रार केली. २० जूनला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून ही पद्धत थांबवली. २६ जूनला सॅन डिएगोच्या न्यायाधीश डेना सबरॉ यांनी पाच वर्षांखालच्या मुलांना १४ दिवसांत आणि बाकीच्यांना ३० दिवसांत पालकांकडे द्या, असा हुकूम दिला. पण कोणतं मूल कोणाचं, याची धड नोंदच सरकारी खात्यांकडे नव्हती. काही मुलांना आईवडील भेटायला वर्षं लागली. कायद्याच्या नावाने निघालेल्यांना साधी यादी ठेवायचं सुचलं नाही, हे मला सर्वांत जास्त खटकतं.

आता आपल्याकडे वळू या. आपणही शाळेत, घरात 'मोठ्यांनी सांगितलं ना, मग ऐकायचं' असं किती सहज म्हणतो! आज्ञापालन शिकवायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण अर्धाच धडा शिकवला, तर उद्या ही मुलं अधिकारी होतील आणि 'मी फक्त आदेश पाळला' म्हणतील.

म्हणून पुढच्या तासाला मुलांना तीन प्रश्न द्या : हा नियम कोणाच्या भल्यासाठी आहे? त्याची सर्वांत मोठी किंमत कोण मोजतंय? तेच काम कमी दुखावून करता आलं असतं का? उत्तरं मुलांनाच शोधू द्या. कदाचित एखादं मूल हेच प्रश्न आपल्या वर्गाच्या नियमांनाही लावेल. लावू द्या. तेव्हा आपली परीक्षा असेल.