पन्नाशी उलटली, मोजणी संपली!

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांसाठी जी स्वतंत्र प्रश्नावली असते, ती वयाच्या १५ व्या वर्षी सुरू होते आणि ४९ व्या वर्षी मिटते. मूल होण्याचे वय सरले की त्या प्रश्नावलीच्या लेखी स्त्रीला विचारण्याजोगे काही उरत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या पाहणीत ३० ते ४९ या वयोगटातील ज्या स्त्रियांची स्तनाच्या कर्करोगासाठी कधीतरी एकदा तपासणी झाली होती, त्यांचे प्रमाण देशभरात ०.९ टक्के निघाले. म्हणजे शंभरात एकही नाही! ही लाजिरवाणी संख्या निदान आपल्यासमोर आहे. पन्नाशीपुढील स्त्रियांची संख्या मात्र त्या पाहणीत नाहीच. पंचेचाळिशीपुढील लोकांची एक वेगळी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली, हे खरे. पण ज्या पाहणीवरून जिल्ह्याजिल्ह्याचे आरोग्य मोजले जाते, तिच्या हिशेबात ही स्त्री बसत नाही.

हा केवळ मोजदादीचा वाद नव्हे. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. हे मृत्यू अटळ होते आणि आमच्यासारख्या गरीब देशाला त्यावर उपाय परवडणारा नव्हता, असे म्हणण्याची सोय राज्यकर्त्यांना उरलेली नाही. कारण परवडणारा उपाय मुंबईतच, आणि तोही मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, सिद्ध झालेला आहे.

टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांत एक मोठा प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. साधारण निम्म्या स्त्रियांची, दर दोन वर्षांनी एकदा याप्रमाणे चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केली. उरलेल्यांना कर्करोगाची माहिती देऊन त्यांच्यावर केवळ लक्ष ठेवण्यात आले. वीस वर्षांच्या या कामाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात रोग पुढच्या टप्प्याला जाण्याआधीच अधिक प्रमाणात हाती लागला. सर्व वयोगट एकत्र धरता मृत्यूतील घट निर्णायक ठरली नाही आणि पन्नाशीच्या आतील स्त्रियांत ती दिसलीच नाही. परंतु पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्यासाठी ना परदेशी यंत्र लागले, ना वातानुकूलित इमारत. लागली ती शिकवून तयार केलेली एक बाई, तिची बोटे आणि ठरल्या वेळी पुन्हा दारात येण्याची शिस्त.

म्हणजे ज्या वयात तपासणीने प्राण वाचतात असे सिद्ध झाले, नेमक्या त्याच वयात शासनाची प्रश्नावली बंद होते. याहून कठोर उपरोध कोणता? आणि हे ज्ञान कोणाच्या देहावर मिळवले गेले? वस्तीत राहणाऱ्या गरीब स्त्रियांच्या. ज्यांना तपासणी मिळाली त्यांच्या, आणि ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्याही. हे त्यांचे समाजावरील ऋण आहे, आणि त्याची फेड अहवाल छापून होत नाही.

सरकार म्हणेल, आमची योजना आहे. आहे खरी. २०१६ च्या केंद्रीय आराखड्यात ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची स्तनतपासणी सांगितली आहे; पण पाच वर्षांतून एकदा. प्रयोगात गुण आला तो दोन वर्षांच्या अंतराने केलेल्या तपासणीचा. औषधाची मात्रा निम्म्याहून कमी करायची आणि मग गुण येत नाही म्हणायचे, असा हा प्रकार आहे. शिवाय हे काम आशा कार्यकर्तीच्या माथी. घरोघर जाऊन छातीत गाठ आहे काय, हे विचारून अर्ज भरायचा तिने. आणि सरकारच्या दप्तरी ती कर्मचारी नव्हे, 'स्वयंसेविका'! जिच्या श्रमाला शासन वेतन म्हणायला तयार नाही, तिच्याच खांद्यावर ही योजना उभी आहे.

दुसरे उत्तर नेहमीचे: बायका लाजतात. लाजतात, कारण उपकेंद्रात आडोसा नसतो, दाराला कडी नसते आणि बाहेर सारे गाव बसलेले असते. लाजेचा दोष बाईला देण्याआधी तिथे एक पडदा तरी लावा! एसटीचे अर्धे तिकीट २०२३ साली सरकारने दिले, त्याचे स्वागतच आहे. पण गाठ हाताला लागलेल्या बाईने त्या अर्ध्या तिकिटावर जायचे कोठे? तालुक्याच्या गावी सोनोग्राफी आणि तुकडा काढून तपासण्याची सोय नसेल, तर तपासणी म्हणजे भीती वाटण्याचा कार्यक्रम होईल.

अधिक वयाच्या स्त्रियांबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मुंबईच्या प्रयोगात घेतलेल्या स्त्रिया ६४ वर्षांपर्यंतच्या होत्या. त्यापुढे नियमित तपासणीचा लाभ किती, हे त्यावरून ठरत नाही. सरसकट तपासणीचा आग्रह आम्ही तिथे धरणार नाही. परंतु सत्तरीच्या बाईला गाठ लागली असता 'आता या वयात काय करायचे?' म्हणून परत पाठवणे हा वैद्यकीय निर्णय नव्हे. ती बेपर्वाई आहे, मग ती डॉक्टरची असो की घरच्यांची.

आणि आपण? १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात ज्या स्त्रिया लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर उतरल्या, त्यांतील ज्या आज हयात आहेत, त्यांनी कधीच सत्तरी ओलांडली. पाणी, रॉकेल, धान्य यांसाठी आपण त्यांना हाक दिली आणि त्या आल्या. त्यांच्या शरीराच्या दुखण्याबद्दल मात्र आपल्या सभांत, ठरावांत आणि शिबिरांत चकार शब्द निघाला नाही. तो विषय खाजगी, असे आपणही मानले. ही चूक कबूल करून पुढे गेले पाहिजे.

मागण्या साध्या आहेत. पन्नाशीपुढील स्त्रीची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित सेविकेकडून हाताने तपासणी व्हावी. हे काम करणाऱ्या आशाला कर्मचारी म्हणून मान्यता आणि नियमित वेतन मिळावे. तालुका पातळीवर निदान मोफत व्हावे. आणि पुढील कुटुंब आरोग्य पाहणीत ४९ वर्षांची ही रेघ पुसली जावी. येत्या महिला मेळाव्यांत हा ठराव मांडला गेला पाहिजे, आणि तो मांडण्याचा पहिला मान पन्नाशी उलटलेल्या भगिनीला मिळाला पाहिजे.