दोन फुटांची भिंत आणि मेश वायफाय

‘मेश बसवलं, पॉवरलाइनही लावली, तरी वरच्या खोलीत नेट रडतंच आहे.’ अशा अर्थाचे प्रश्न या सदराकडे वरचेवर येतात, आणि बहुतेक जुन्या घरांतून येतात. म्हणून या वेळी एकच घर घेऊन बसू या. घर माझ्या मावशीचं, ग्वाल्हेरच्या दाल बाजारातलं.

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला आणि त्या छावणीचंच शहर झालं, म्हणून नाव लश्कर. दाल बाजार त्याच लश्करातला. मावशीच्या घरात खाली गोदाम, मधल्या मजल्यावर मावशी-काका, वर आजी आणि माझा मावसभाऊ. भिंती दोन फूट जाडीच्या, ग्वाल्हेरच्या वालुकाश्माच्या. छताला स्लॅब नाही, दगडी पटिया. मे महिन्यात अशा घरात जी गार सावली मिळते ती पुण्याच्या फ्लॅटमध्ये एसी लावूनही मिळत नाही. पण जी भिंत ऊन अडवते ती वायफायही अडवते, आणि आपले फोन वेगासाठी ज्या ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वापरतात त्यांना दगड २.४ गिगाहर्ट्‌झपेक्षा जास्त जड जातो.

मावसभाऊ घरून काम करतो. ऑफिसचे कॉल सारखे तुटत होते, आणि शेवटी साहेबांनी सांगितलं, ‘एक तारखेपासून नोएडाला येऊन बसा.’ तो गेला की त्या तीन मजल्यांत सत्तरीच्या पुढची तीन माणसं उरणार. त्यामुळे हा प्रश्न सिनेमा अडकतो की नाही एवढाच नव्हता.

त्याने आधी मेशचे दोन नोड आणले. मेशमध्ये वरचा नोड खालच्या नोडशी हवेतून बोलतो आणि तुमच्या फोनला पुढे सेवा देतो. पण तो स्वतःच दगडाआड बसला तर त्याच्याजवळ देण्यासारखं काय असणार? फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, कारण फोन नोडशेजारीच आहे. नोड मात्र उपाशी. म्हणून मग पॉवरलाइन. घरातल्या विजेच्या तारांत ५० हर्ट्‌झचा प्रवाह असतो. ॲडाप्टर त्यावर २ मेगाहर्ट्‌झपासून वरचा संकेत चढवतो आणि दुसऱ्या सॉकेटमधला ॲडाप्टर तो उतरवून घेतो. भिंत फोडायची नाही, नवी वायर ओढायची नाही. कल्पना उत्तम आहे, फक्त विजेच्या तारा या कामासाठी कधीच ओढलेल्या नसतात.

खोक्यावर ६०० लिहिलेलं होतं. हा आकडा दोन्ही दिशा धरून, तारेवरच्या कच्च्या वेगाचा असतो. शिवाय या गटातल्या बऱ्याच ॲडाप्टरांचं लॅनचं भोक १०० एमबीपीएसचंच असतं, म्हणजे काहीही केलं तरी पंचाण्णवच्या वर जाणं नाही. खोक्यावरच्या आकड्यावर भांडण करून कुणाला काही मिळालेलं मी पाहिलेलं नाही, तेव्हा मोजायला घ्यावं.

मोजताना एक शिस्त पाळा: एका वेळी एकच दुवा. आम्ही लॅपटॉप सरळ राउटरला वायरने जोडला. ९४. म्हणजे बाहेरून येणारं नेट निर्दोष. मग दोन्ही ॲडाप्टर राउटरशेजारच्या एकाच बोर्डवर लावले. ९२. म्हणजे ॲडाप्टरही निर्दोष. मग एक वर नेला. ९! आता दोष नक्की कुठे आहे ते कळलं: या दोन सॉकेटांच्या मधल्या तारेत. मेशला यात अजून हातही लावलेला नव्हता.

हे महत्त्वाचं आहे, कारण मेश इथे उलटा त्रास देतो. नोडला लॅनची वायर लागली की बरेच मेश डोळे मिटून वायरच धरतात. त्या वायरीपलीकडे गिगाबिट आहे की धापा टाकणारी पॉवरलाइन, हे नोडला दिसत नाही. आम्ही वरच्या नोडची वायर काढून पाहिली तर हवेतून २२ मिळत होते. म्हणजे ॲडाप्टर लावल्याने घराचं नेट मंदावलं होतं. तुमच्याकडे पॉवरलाइन असेल तर ही चाचणी आधी करा, दोन मिनिटांची आहे.

आता तार. वरचा ॲडाप्टर स्पाइक गार्डच्या पट्टीत लावलेला होता. स्पाइक गार्डचं कामच तारेवरचा उच्च वारंवारतेचा गोंगाट गिळणं, आणि ॲडाप्टरचा संकेत त्याच्या दृष्टीने गोंगाटच. सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावला, ३४. उलट लॅपटॉपचा चार्जर त्या पट्टीत टाकला, म्हणजे त्याचा गोंगाट तिथेच अडेल, ४१. स्वस्त चार्जर, एलईडी बल्ब, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ही सगळी तारेत कुरकुर करणारी मंडळी. मिक्सरच्या ब्रशमधून तर ठिणग्याच उडतात. साडेदहाच्या कॉलला रोज तडा जायचा तो खाली चटणी वाटली जायची म्हणून. मावशीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मग तुमच्या साहेबांना सांग, अकराला घ्या म्हणावं मीटिंग.’

४१ वर काम चाललं असतं, पण वेग स्थिर नव्हता. राउटरला पिंग केलं तर ४ मिलिसेकंदांवरून एकदम २०० वर उडी. व्हिडिओ कॉलला वेगापेक्षा ही उडीच जास्त मारते. म्हणून मी माझी तीन पिनांची, वरच्या दर्जाची जोडी नेऊन लावली. या जातीचे ॲडाप्टर फेज-न्यूट्रलबरोबर अर्थिंगची तारही संकेतासाठी वापरतात, त्यामुळे फरक चांगला पडायला हवा होता. मिळाले ४५. मधल्या मजल्यावर खोल्या बदलून पाहिलं तर तीच जोडी छान पळत होती. वरच नाही. याचा सरळ अर्थ असा, की वर तिसरी तार असून नसल्यासारखी आहे.

इथून पुढचं काम वायरमनचं. मंडळी, चालू सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या सळया घालण्याची हौस कृपया कुणी करू नये. वायरमनने मोजलं: फेज ते न्यूट्रल २३०, ठीक. फेज ते अर्थ साधारण तेवढंच यायला हवं, तिथे ९०च्या आसपास डगमगतं काहीतरी. जिन्यातला जोडडबा उघडला तर वर जाणारी हिरवी तार कापून टेप गुंडाळून ठेवलेली. कधी, कुणी, काही पत्ता नाही. आणि त्या तारेच्या भरवशावर वरच्या न्हाणीघरात आजींचा गीझर चालू होता. त्याच्या कॉइलमधून वीज बाहेरच्या भांड्यात उतरली असती तर तिला जमिनीत जायला ओल्या हाताखेरीज वाट नव्हती. काका बराच वेळ त्या टेपच्या तुकड्याकडे बघत राहिले.

त्याच दिवशी तार जोडली, मुख्य बोर्डवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला. वरच्या खोलीत ७८ आले, पिंग दहाच्या आत. गीझरपुढे त्या ७८ चं कौतुक कुणालाच उरलं नव्हतं, मलाही नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. नवीन ॲडाप्टर कारखान्यातून सारख्याच नावाच्या जाळ्यावर येतात. दाल बाजारासारखी भिंतीला भिंत लागलेली घरं असतील तर शेजाऱ्याच्या ॲडाप्टरशी गाठ पडू शकते, म्हणून पेअरचं बटण दाबून आपली जोडी स्वतंत्र करा. वाटण्या होऊन घरात दोन मीटर झाले असतील, किंवा मजले वेगवेगळ्या फेजवर असतील, तर संकेत फार क्षीण होतो. नेटवाल्याचा डबा आणि मेश दोघंही राउटर बनून बसले असतील तर मेशला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका.

आणि इन्व्हर्टर! राउटर इन्व्हर्टरवर, वरचा ॲडाप्टर साध्या लाइनवर, अशी मांडणी असेल तर वीज गेली की राउटरचा दिवा जळत राहतो आणि वरचं नेट जातं. मग सगळे नेटवाल्याला फोन करतात. दोन्ही सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर बरं. स्क्वेअर वेव्हचा असेल तर तारेत गोंगाट वाढतो.

माझं मत विचाराल तर पॉवरलाइन ही नाइलाजाची सोय आहे. कॅट-६ ची एक वायर या सगळ्याला भारी पडते. मावसभावाने नोएडाची तारीख महिनाभर पुढे ढकलून घेतली आहे, आणि दिवाळीआधीच्या रंगकामात चौकाच्या बाजूने, पावसाच्या पाइपाला लागून ती वायर वर न्यायचं ठरलं आहे. काकांची अट एकच, पटियेला भोक पाडायचं नाही.