रोही किती आणि कुठं?

चारठाणा शिवारात सोयाबीन उगवून आलं की रोह्यांचे कळप येतात, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पण रोही आहेत तरी किती, असं विचारलं की पारावर चार माणसं चार आकडे सांगतात. खोटं कोणीच बोलत नाही. एकच कळप रात्रीतून तीन शिवारं फिरतो आणि तीनदा मोजला जातो.

सरकारी मोजणीतही असा घोळ झालेला आहे. पूर्वी वाघ पाऊलखुणांवरून मोजत. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते. २००५ साली पाहिलं तर एकही शिल्लक नव्हता. मग २००६ च्या गणनेपासून पद्धत बदलली. वनरक्षक पायी फिरून खुणा नोंदवतात, निवडक ठिकाणी कॅमेरे लावतात आणि जंगल, पाणी, वस्ती यांच्याशी मेळ घालून बाकीच्या भागाचा अंदाज काढतात.

बुद्ध पौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजतात. तेवढ्यावर रोह्यांचा हिशेब धरणं मला पटत नाही. रोही रोज पाण्यावर येईलच असं नाही, आणि येलदरीच्या तालुक्यात कोणकोणत्या पाण्यावर बसणार? शिवाय डोक्याएवढ्या तुरीत उभं जनावर वीस पावलांवरून दिसत नाही. तूर निघाली की तेच लांबून दिसतं. आधी दहा दिसली नि नंतर तीस, म्हणजे जनावरं वाढलीच असं नव्हे. म्हणून जाणकार जनावर किती अंतरावर दिसलं तेही लिहितात. त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो.

आपल्याकडं कागदावर येतात ते फक्त भरपाईचे अर्ज. पीक खाल्लं, पण "फेऱ्या कोण मारील" म्हणून गप्प बसलेले शेतकरी मला दर हंगामात भेटतात. त्यांचं शिवार नकाशावर कोरंच राहतं, आणि कोऱ्या शिवाराकडं बंदोबस्त कोण पाठवील?

ग्रामपंचायतीनं एक वही घालावी. तारीख, वेळ, गट नंबर, जनावर कोणतं, किती, किती लांबून, पीक केवढं उंच. आठवड्यातून एकदा पहाटे ठरलेल्या वाटेनं चक्कर मारावी आणि काही दिसलं नाही तर तेही लिहावं. लोकांना ही नोंद फुकटची वाटते. पण ती नसली तर जनावर नव्हतं की पाहणाराच गेला नाही, हे कळत नाही.

अर्ज मात्र वेगळा, आणि तो मुदतीत करायचाच. वहीत लिहिलं म्हणून पंचनामा होत नाही.