नभोवाणी मेली, कीं श्रोता निजला ?

‘रेडिओ आतां मेला’ असें म्हणण्याची आपल्या सुशिक्षित मंडळींत एक रीतच पडून गेली आहे. परवां ढाणकीस एका स्नेह्यांकडे उतरलों असतां तेंच वाक्य पुनः आमच्या कानीं पडलें. ओसरीवर चार माणसें बसलीं होतीं. चौघांच्या हातीं चार मोबाईल, आणि चौघांच्या कानांत चार निराळीं गाणीं. फळीवर धूळ खात पडलेल्या जुन्या रेडिओकडे बोट दाखवून यजमान म्हणाले, “आमच्या या आडगांवीं चांगलें ऐकायला मिळतें कोठें ?” या तक्रारींत पूर्वीं तथ्य होतें, आज तें उरलेलें नाहीं, हें आम्हांस स्पष्ट सांगावयाचें आहे.

ढाणकी उमरखेड तालुक्यांतील. जिल्हा यवतमाळ, पण नांदेड त्याहून जवळ. दोन्ही शहरीं आकाशवाणीचीं केंद्रें आहेत, परंतु एफ्. एम्. लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात आणि डोंगर वा अंतर आड आलें कीं क्षीण होतात. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबई केंद्राचें उद्घाटन झालें तेव्हांपासून श्रोत्याचें दैव असें प्रक्षेपकाच्या पल्ल्याशीं बांधलेलें होतें. इंटरनेटनें ती दोरी तोडली आहे. प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर आकाशवाणीच्या दोनशेंहून अधिक वाहिन्या ऐकतां येतात. शास्त्रीय संगीतास वाहिलेली ‘रागम्’ ही वाहिनी २६ जानेवारी २०१६ रोजीं सुरू झाली. त्याच सालीं आम्स्टरडॅम येथें निघालेल्या ‘रेडिओ गार्डन’मध्यें पृथ्वीचा गोल फिरवून एखाद्या गांवावर बोट ठेवावें, तों तेथील केंद्र बोलूं लागतें. कॅलिफोर्नियांतील ‘रेडिओ पॅरडाइज’ २००० सालापासून जाहिरातींवांचून, श्रोत्यांच्या देणग्यांवर चाललें आहे. खर्चाची सबबही टिकत नाहीं. चौसष्ट किलोबिटांच्या प्रवाहास तासाला सुमारें २९ मेगाबाइट डेटा लागतो. तेवढाच वेळ चित्रफीत पाहण्यास त्याच्या कितीतरी पट खर्च होतो.

“हवें तें गाणें मागतांच मिळतें, मग रेडिओ कशाला ?” हा आक्षेप यावयाचाच. हवें तें मिळतें हें खरें. पण काय हवें हें ठरवितो कोण? यंत्र आपल्या कालच्या ऐकण्याचा हिशेब ठेवतें आणि त्यासारखेंच आज पुढें करतें. एखाद्या मुलानें उडत्या चालीचें एक गाणें ऐकावें, कीं त्याच्या पानांत तसलींच शंभर वाढलीं जातात. आणि तो भाबडेपणानें त्यालाच स्वतःची आवड समजतो. चांगल्या केंद्रावर याच्या उलट घडतें. जें मागण्याचें आपणांस कधीं सुचलेंच नसतें, तें कोणी जाणता माणूस आपल्यापुढें ठेवतो.

माणसाची निवड नेहमींच शहाणी असते, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ सालीं नभोवाणीमंत्री झाले व आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार झालीं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ च्या ऑक्टोबरांत ‘विविध भारती’ काढणें सरकारास भाग पडलें. पण तो निर्णय कोणाचा हें सर्वांस ठाऊक होतें, म्हणून त्याशीं भांडतां आलें. यंत्राच्या निवडीशीं कोणी भांडावें, आणि कोणाच्या दारीं जाऊन ?

आमचा खरा रोष यंत्रावर नाहीं. श्रोत्याच्या आळसावर आहे. मुंबईची नभोवाणी सुरू झाली त्याच वर्षीं तिचें ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हें कार्यक्रमपत्रक निघालें. ऐकावयाचें काय हें आधीं वाचून ठरवावें, हा त्यामागचा संकेत होता. आज वाहिन्या वाढल्या आणि हा संकेत लोपला. घरटी एक वही घालावी. आठवडाभर रोज अर्धा तास नवें केंद्र ऐकावें. जें आवडलें त्याचें नांव व वेळ लिहून ठेवावी. आणि केंद्रास पत्र धाडावें. ज्या वाहिनीस श्रोता नाहीं, तिच्यावर कोणतेंही सरकार फार काळ पैसा खर्चीत नाहीं. उद्यां आपल्या बोलींत पावसापाण्याची वार्ता देणारी एखादी वाहिनी मुकी झाली, तर तिच्या नांवानें गळा काढण्याचा हक्क न ऐकणारांस राहणार नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं चौघांसही कानांतील बोंडें काढावयास लाविलीं, एक मोबाईल पितळी पातेल्यांत ठेवला आणि ‘रागम्’ लावली. आलाप सुरू झाला तशी स्वयंपाकघरांतून यजमानांच्या मातोश्री हात पुशीत बाहेर आल्या व म्हणाल्या, “यमन दिसतो.” नातवानें आश्चर्यानें त्यांच्याकडे पाहिलें, आजीला राग ओळखतां येतो हें त्यास त्या दिवशींच कळलें. यजमानांनीं आपलें वाक्य मागें घेतलें नाहीं. पण सकाळीं निघतांना त्यांनीं त्या वाहिनीचें नांव विचारून लिहून घेतलें. आम्हांस तेवढें पुरे आहे.