वापराल तेच वाढेल

तासन्‌तास बटणं दाबून मुलांच्या हाती काय लागतं, असं घरातली वडीलधारी मंडळी विचारतात. ते खेळावर अवलंबून आहे. १९८६च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये राक्षस मारून गुण मिळवले की पात्राची पातळी चढते आणि सगळी ताकद आपोआप वाढते. १९८८च्या ‘फायनल फँटसी २’ची रीत जास्त खरी. तिथे पातळ्या नाहीत. जे शस्त्र वापराल त्यातच हात बसतो, मार सोसला तर दम वाढतो. (खेळणारे इतके बिलंदर, की आपल्याच सोबत्यांना बडवून त्यांचा दम वाढवू लागले!) २०११च्या ‘स्कायरिम’मध्येही तसंच, लपतछपत चालणाराच त्यात तरबेज होतो. लढाई मात्र कंटाळवाणी: तलवार फिरवा, मागे सरका, पुन्हा फिरवा. शेजारी बसलेल्या आजोबांना तिथेच डुलकी लागते.