तडफडीचा धंदा बंद करा

किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि किनाऱ्यावर येणाऱ्या सर्वांना जाहीर आवाहन



गेले काही आठवडे एक व्हिडिओ किनारपट्टीवरच्या जवळपास प्रत्येक फोनवर येऊन गेला आहे. भाड्याची होडी, आणि एकाच्या हातात वीतभर लांबीची जिवंत बोय. गळाचं टोक तिच्या पाठीवरच्या पराच्या जरा पुढे टेकवलं जातं, दाबलं जातं, दुसऱ्या अंगाने बाहेर येतं. बोय शेपटी आपटते. तो माणूस तिला कॅमेऱ्याजवळ नेतो आणि म्हणतो, "बघा, कशी नाचतेय!" होडीतले बाकीचे हसतात.

ज्याने पाहिला त्याच्या तोंडून शिवी निघाली. त्यामुळे तो प्रकार वाईट होता हे पटवून देण्यात मी कागद खर्ची घालणार नाही. त्या माणसाचं नाव घेणार नाही, गावाचंही नाही. आपण चिडलो ते तो हसला म्हणून. पण न हसता, गंभीर चेहऱ्याने हेच काम करणारे कितीतरी लोक दर शनिवारी-रविवारी आपल्या जेटीवर, खडपावर, खाडीच्या मुखाशी उभे असतात, आणि आपण "काय मिळालं?" असं विचारून पुढे जातो. माझं भांडण त्या हसण्याशी नाही. हौसेखातर जिवंत जीव गळाला लावण्याच्या प्रथेशी आहे.

ही प्रथा नेमकी काय आहे ते एकदा नीट बघा. सकाळी पाग टाकून लहान बोयी पकडतात. त्या बादलीत ठेवतात आणि बादलीत बॅटरीवरचा हवेचा पंप सोडतात, कारण मेलेली बोय त्यांच्या उपयोगाची नसते. गळ ओवायच्या जागा ठरलेल्या आहेत: वरच्या ओठातून, नाकपुडीतून किंवा पाठीतून. पाठीतून ओवताना मणका चुकवायचा, नाहीतर मासा लवकर मरतो. कोळंबी असेल तर डोक्यावरच्या काट्याखालून गळ घालायचा आणि तिथे आत दिसणारा काळा ठिपका चुकवायचा, कारण तो फुटला की कोळंबी संपली. मोठ्या शिकारीसाठी जिवंत बांगडा घेतात, त्याच्या डोळ्यांच्या खोबणीतून सुईने दोरा आरपार ओवतात आणि त्या दोऱ्याला गळ अडकवतात. काहीजण शेपटीचा पर थोडा कापतात, म्हणजे मासा वेडावाकडा पोहतो आणि त्याचे हिसके पाण्यात दूरवर पोचतात. तांबोशी, गोब्रा, जिताडा यांच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्याची कंपनं टिपणारी रेषा असते. जखमी जीवाची धडपड त्यांना त्या रेषेवर कळते.

यातलं कौशल्य कशात आहे? जीव कुठे आहे हे नेमकं माहीत असणं आणि तो लवकर जाऊ नये म्हणून तेवढी जागा टाळणं, यात. जाळ्यात आलेला मासाही तडफडतो, हे कोण नाकारतो? पण रापण ओढणाऱ्याला त्या तडफडीचं काही काम नसतं. मासा आत आला त्याच क्षणी मेला तरी त्याचं काही बिघडत नाही. जिवंत आमिषवाल्याचं मात्र सगळं बिघडतं. त्याचं हत्यार गळ नाही, दोरी नाही, हजारो रुपयांचा रॉडही नाही. त्याचं हत्यार तडफड आहे. ती थांबली की तो आमिष बदलतो. वेदना मासेमारीत ओघाने येणं ही एक गोष्ट. वेदना हेच साधन करणं, ती टिकवणं, ती लांबवणं आणि त्याला खेळ म्हणणं ही दुसरी. या दोन्हींना एकाच पारड्यात घालणारा माणूस एकतर विचार करत नाही, नाहीतर त्याला विचार करायचा नाही.

आपल्या कायद्याला हा फरक कळतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 सालचा. त्यामागे राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी धरलेला आग्रह होता. या कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. मासा त्यातून वगळलेला नाही, कोळंबीही नाही. कलम 11 सांगतं की निव्वळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्या प्राण्याचं भक्ष्य व्हावं अशा रीतीने अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे. व्याघ्र अभयारण्यात आमिष म्हणून जनावर बांधण्याचा तिथे स्पष्ट उल्लेख आहे, कारण एके काळी पर्यटकांना वाघ दिसावा म्हणून रेडकू बांधलं जाई. आता खुंटाच्या जागी गळ ठेवा, रेडकाच्या जागी बोय आणि वाघाच्या जागी तांबोशी. काय बदललं? त्याच कायद्यात अन्नासाठी प्राणी मारण्याला सूट आहे, पण तीही अनावश्यक यातना न देण्याच्या अटीवर. म्हणजे पोटासाठी मारणाऱ्यालाही कायदा अट घालतो, आणि करमणुकीसाठी यातना देणारा मात्र जेटीवर छाती काढून फोटो काढतो.

आणि दंड किती? पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी 10 रुपये, जास्तीत जास्त 50 रुपये. पन्नास रुपयांत आज बाजारात सुरमईची एक तुकडी कोणी देणार नाही. बैलगाडा शर्यतीवरून आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलो. 2014 साली बंदी झाली, 2023 साली राज्यांचे नवे कायदे वैध ठरले, मधली वर्षं गावोगाव वाद पेटला. बैलाच्या शेपटीच्या पिरगळण्यावर न्यायालयात युक्तिवाद झाले. बोयीच्या पाठीतून गेलेल्या गळावर एक ओळ कोणी लिहिली नाही. मासा ओरडत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आता जिवंत आमिष लावणाऱ्यांची उत्तरं ऐका. ती मला पाठ झाली आहेत.

"माशाला काय कळतंय?" हे वाक्य टाकणाऱ्याला वाटतं, त्याने विज्ञान सांगितलं. विज्ञान असं आहे. 2003 साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये ट्राउट माशांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचं त्यांना आढळलं. ज्या माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसेटिक आम्ल टोचलं ते डोलू लागले, त्यांचा श्वास वाढला, आम्लवाले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले आणि सुमारे तीन तास त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणं कमी झाली. माशाच्या मेंदूत माणसासारखा बाह्यस्तर नसतो, म्हणून त्याला वेदना जाणवत नाही, असं म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत, हे मी लपवत नाही. पण तसा बाह्यस्तर पक्ष्यांच्या मेंदूतही नसतो. पाय मोडलेल्या कोंबडीला काही होत नाही, असं कोण म्हणेल? कोळंबी आणि खेकड्यांचा प्रश्नही पुढे गेला आहे. 2022 साली ब्रिटनने प्राण्यांच्या संवेदनक्षमतेचा कायदा केला, त्यात खेकडे, कोळंबी, म्हाकूल आणि ऑक्टोपस यांनाही धरलं. आणि समजा, शंका उरलीच. ओठातून गळ आरपार घालताना शंकेचा फायदा कोणाला द्यायचा? गळ धरणाऱ्या हाताला?

"समुद्रात मोठा मासा लहान माशाला खातोच ना?" खातो. पण पळणारी बोय पळते, कधी निसटते, कधी सापडते. तिला निसटता येऊ नये म्हणून कोणी मणका चुकवून लोखंड ओवत नाही. तांबोशीला निवड करता येत नाही. बी.ई. झालेल्या, गाडी चालवत आलेल्या, फोनवर भरती-ओहोटी बघून निघालेल्या माणसाला करता येते. स्वतःला तांबोशीच्या पायरीवर उभं करायचं आणि वर तिच्यापेक्षा श्रेष्ठ म्हणून तिला पकडून फोटो काढायचा, या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत.

"तुम्ही मासे खाता की नाही?" खातो. माझ्या घरी मासा शिजतो तो आधी मेलेला असतो, आणि त्याला जितकं लवकर मारता येईल तितकं बरं, असं मी मानतो. मासे खाणाऱ्याला यातनेविषयी बोलायचा हक्क नाही, असं म्हणणारे लोक खरं तर एवढंच सांगत असतात की एकदा मारायचं ठरवलं की कसं मारायचं याला काही अर्थ उरत नाही. हे म्हणणं ज्यांना मान्य आहे त्यांनी मोठ्याने म्हणावं. चार माणसांसमोर म्हणावं.

"आम्ही तर पकडलेला मासा सोडून देतो." हे ऐकलं की माझा संयम सुटतो. सोडता कोणाला? मोठ्याला, फोटो काढून झाल्यावर. बोयीला कोण सोडतं? ती तुमच्या हिशेबातच नसते. शिवाय मासा जिवंत आमिष खोल गिळतो. कृत्रिम आमिषापेक्षा अशा आमिषाचा गळ घशात किंवा पोटात रुतण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि खोल रुतलेल्या गळाचे मासे सोडल्यावरही मोठ्या प्रमाणात मरतात. म्हणजे एकाला यातना देऊन दुसऱ्याला आतून फाडायचं आणि पाण्यात सोडताना स्वतःला दयाळू म्हणवून घ्यायचं. ही दया तुमची तुम्हाला लखलाभ.

"लक्षद्वीपचे लोकही जिवंत आमिष वापरतात." वापरतात. मग ते कसं वापरतात तेही सांगा. मिनिकॉयचे कोळी बारीक मासे होडीच्या टाकीत जिवंत ठेवतात आणि कुपा माशांचा थवा दिसला की ते मूठमूठ पाण्यात उधळतात. त्यांच्या काठीच्या गळाला जिवंत आमिष नसतं, त्या गळाला मागचा काटाही नसतो. पाण्यात पडलेला मासा मोकळा असतो आणि त्याचा शेवट झाला तर क्षणात होतो. त्या कुप्यावर बेटाची चूल पेटते. त्यांच्या पोटाची ढाल करून स्वतःची करमणूक लपवू नका. शेकडो गळांचा लांब दोर समुद्रात सोडणारे आपले मच्छीमारसुद्धा बहुतेक वेळा मेलेली तारली, बांगडा नाहीतर म्हाकलाचे तुकडेच लावतात. ज्यांचं घर माशावर चालतं त्यांना मेलेलं आमिष पुरतं आणि ज्यांचं घर पगारावर चालतं त्यांना जिवंतच लागतं, हा काय न्याय?

"मेल्या आमिषाला तसा मासा लागत नाही." कमी लागेल. मग कौशल्य दाखवा. लाकडाचे, प्लॅस्टिकचे, धातूचे असंख्य नकली मासे बाजारात आहेत. ते पाण्यात जिवंत वाटतील असे ओढायला हात तयार लागतो. नॉर्वे हा मासेमारीवर वाढलेला देश. तिथे जिवंत मासा आमिष म्हणून वापरायला बंदी आहे. नेदरलँड्समध्येही आहे. तिथल्या हौशी लोकांनी काठ्या मोडून टाकल्या नाहीत.

राहिला रोजगार. होडीवाल्यांनो, हा भाग तुमच्यासाठी आहे आणि तो मी रागाने लिहीत नाही. पाहुणा तुमच्याकडे येतो तो समुद्रासाठी, तुमच्या हातच्या ज्ञानासाठी. कुठल्या खडकामागे भोवरा पडतो, कुठल्या तिथीला पाणी फिरतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्या ज्ञानाचे पैसे घ्या, भरपूर घ्या. बादलीतल्या बोयीचे घेऊ नका.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

1. पैसे घेऊन गळाने मासे पकडायला नेणाऱ्या कोणत्याही होडीवर जिवंत मासा, कोळंबी किंवा खेकडा गळाला लावला जाऊ नये.

2. गळाच्या मासेमारीच्या प्रत्येक स्पर्धेत जिवंत आमिषाला मनाई असावी. ते लावणारा स्पर्धक बाद व्हावा.

3. प्रत्येक किनारी गावाच्या ग्रामसभेने आणि मच्छीमार सोसायटीने तसा ठराव करून तो जेटीवर ठळक लावावा.

4. खाण्यासाठी पकडलेला मासा पाण्याबाहेर येताच मारावा. बादलीत, वाळूत, कॅमेऱ्यासमोर ठेवू नये.

कायदा 50 रुपयांवर अडला आहे. तो बदलायचा तेव्हा बदलेल. आपल्याला थांबायचं कारण नाही, कारण या धंद्याची किल्ली आपल्याच हातात आहे. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या गाडीत रॉड येतो, रीळ येतं, बर्फाची पेटी येते. जिवंत बोय येत नाही. ती आपल्या खाडीतून, आपल्या पोरांनी टाकलेल्या पागेतून, आपण भरून दिलेल्या बादलीतून जाते. पुढच्या शनिवारी कोणी मागायला आलं तर सरळ सांगा: मासे पकडायचे असतील तर तारलीचे तुकडे आहेत, जिवंत बोय मिळणार नाही. प्रत्येक जेटीवर हेच उत्तर मिळालं की ही हौस एका हंगामात संपेल.